खाल्लं गेलं

सोमवार, ६ जानेवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर आधी एवढंच वाच. मी स्वतःहून नाक खुपसलेलं नाही. तुझ्या नवऱ्याने फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "ताई, मी बोलतोय," म्हणाला तेव्हा मी आधी गॅस बंद केला.

मग त्याने सांगितलं. तुझं लिव्हर कामातून गेलंय. कोणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवला तर तू वाचशील, आणि लवकर बसवायला हवा. त्याचा रक्तगट जुळत नाही. आपला दोघींचा एकच आहे हे त्याला माहीत होतं. मी सांगितलेलं नाही, म्हणजे कधीतरी तूच बोलली असणार. माझं नाव तुझ्या घरात निदान एकदा तरी निघालं म्हणायचं.

शुक्रवारी येऊन सगळ्या तपासण्या करून गेले. तुझ्याच हॉस्पिटलात. चार तास बस, उपाशीपोटी. रक्त काढलं, मशीनमध्ये आडवं घातलं, श्वास घ्या, सोडू नका, आता सोडा. मोठे डॉक्टर म्हणाले, तुमचं लिव्हर चांगलं आहे, पण चरबी फार. बावीस टक्के. दहाच्या आत आली तरच तुकडा काढता येईल, नाहीतर तुम्हालाही धोका आणि बहिणीलाही. तीन आठवडे दिलेत. गोड बंद, तळलेलं बंद, मैदा बंद. सत्तावीसला पुन्हा मशीन.

ही चरबी कुठून आली ते तुला सांगते, तू हसशील. मी अजून त्याच विमा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे, आता मुख्य स्वयंपाकीण. वर्षअखेरीला साहेबलोकांनी मोठं जेवण ठेवलं. अडीचशे माणसं येणार म्हणून सांगितलं, आली दीडशे. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला बारा दिवस सुट्टी. उरलेलं फेकवतंय का माझ्याच्याने? केक, तळलेले बटाटे, क्रीम घातलेलं काय काय, डबे भरभरून घरी आणलं. बारा दिवस टीव्हीसमोर बसून मी एकटी ते संपवत होते. घरी दुसरं आहे कोण!

डॉक्टरांनी तिथल्या डाएटवालीकडे पाठवलं. केवढीशी पोरगी, पण जिभेला हाड नाही. सुट्टीत काय काय खाल्लंत, म्हणाली. मी म्हटलं, "काय सांगू, जरा जास्तच खाल्लं गेलं." तर पेन खाली ठेवून विचारते, "कोणाकडून?"

मला कळेचना. "कोणाकडून म्हणजे?"

"काकू, खाल्लं गेलं म्हणताय ना? कोणाकडून खाल्लं गेलं? शेजारणीकडून?"

मग मला एक वही दिली. तोंडात जाईल ते सगळं त्यात लिहायचं आणि प्रत्येक ओळ "मी" पासून सुरू करायची. खाल्लं गेलं, राहून गेलं, होऊन गेलं असलं काही चालणार नाही म्हणाली. डोक्याला ताप नुसता.

जाता जाता तिसऱ्या मजल्यावर आले होते. तुझं दार अर्धं उघडं होतं. तू भिंतीकडे तोंड करून झोपलेलीस. पांघरुणाबाहेर पाय दिसले, सुजलेले. नर्सने विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, कोणी नाही, चुकून या मजल्यावर आले. आणि जिना उतरले. मग बस मिळाली.

ताई


शुक्रवार, १० जानेवारी

ठमे,

पाच दिवस झाले. सकाळी उकडलेलं अंडं, त्यातलं पिवळं काढून. दुपारी कोबी, भोपळा, मुठीएवढा भात. संध्याकाळी सूप म्हणून जे काही आहे ते भाज्या धुतलेलं गरम पाणी आहे, मी स्वतः करते म्हणून मला ठाऊक. चहात साखर नाही. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की कढईचा आवाज सहन होईना. आता डोकं थांबलंय, पण अंगात त्राणच नाही. बसच्या पायऱ्या चढताना दांड्याला धरते.

सगळ्यात वाईट म्हणजे कॅन्टीन. तुला माहीत आहे, मी मोजूनमापून मीठ घालत नाही, चाखून घालते. रोज चार भांडी, प्रत्येकातून दोनदा चमचा. दिवसाकाठी वाटीभर तर सहज होतं. डाएटवाली म्हणाली, चमचा बंद. आता चाखायला भाजी चिरणाऱ्या मावशींना उभं करते. त्या बिचाऱ्या भिडस्त. "मीठ कसं आहे?" "बरं आहे की." "कमी का जास्त?" "तुम्ही म्हणाल तसं." कपाळ माझं! काल सूप इतकं खारट झालं की अकाउंट्सवाले टकले साहेब ताट घेऊन आत आले. मला म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" वीस वर्षं त्यांना वाढते आहे, पहिल्यांदाच विचारलं.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याने तुला सांगितलं म्हणे. आणि तू म्हणालीस, "तिच्याकडून मला नखसुद्धा नको."

नख नाहीये ठमे, लिव्हर आहे. नखाने तू वाचणार असतीस तर मी पाकिटात घालून पाठवलं असतं, इतका जीव टांगणीला लागला नसता.

मला राग आला, लपवत नाही. इकडे मी भोपळा खाऊन मरतेय आणि तिकडे तुझा ताठा. मग रात्री वाटलं, तुझाच हक्क आहे. आईचे दिवस झाल्यावर तू सात महिन्यांचं पोट घेऊन दारात उभी होतीस आणि विचारलंस, मला का नाही कळवलंस. मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "अगं, गडबडीत कळवायचं राहून गेलं." तू तशीच मागे वळलीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस.

वहीत आजचं: मी कोबी खाल्ला. मी भात खाल्ला. मी एक सफरचंद खाल्लं. वाचायला अगदी पहिलीच्या पोरीची वही वाटते.

ताई


बुधवार, १५ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही, अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की जिन्यात उभी राहते.

अडीच किलो उतरले. परकर ढिला होतोय. डाएटवाली फोनवर वही वाचून घेते. काल मी वाचलं, "चाखताना थोडं क्रीम पोटात गेलं." ती म्हणाली, "गेलं? चालत गेलं का?" मी फोन ठेवूनच देणार होते. पण तिचं लग्नाचं वयसुद्धा अजून नाही आणि सकाळपासून माझ्यासारख्या पंधरा जणींशी डोकं लावत असेल, म्हणून नाही ठेवला. खोडलं आणि लिहिलं, मी क्रीम खाल्लं, दोन चमचे. लिहिताना इतकं लाजिरवाणं वाटलं की काय सांगू.

तुला वाटत असेल, आईचं तेव्हा का नाही कळवलं ते हिने अजूनही नीट सांगितलं नाही. सांगते. तुला सातवा लागलेला. आधीचं एक तुझं पडलेलं. चार तासांचा प्रवास, ते खड्डे. आईचं काय, दोन-तीनदा अशी आजारी पडून उठली होती, याही वेळी उठेल असं वाटलं. डॉक्टरही म्हणाले होते, घाबरण्यासारखं नाही. आणि मग एकदम सगळं झालं. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

हे सगळं खरं आहे. एकही शब्द खोटा नाही.

दमले आहे गं. झोपते.

ताई


रविवार, १९ जानेवारी

ठमे,

आज थोडंच लिहिते. सगळं ठीक आहे. सकाळी अंडं, दुपारी गाजराचं सूप. घर झाडलं, कपडे वाळत घातले. संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला बाहेर गेले होते.

मला वाटतं आकडा काही खाली यायचा नाही. शरीर एकेकाचं असतं. आपण प्रयत्न करतो, पण नाही बसलं तर नाही बसलं, त्याला कोणाचा इलाज नाही. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, दुसरीकडेही शोध चालू ठेव. एकाच माणसावर विसंबून राहू नये.

ताई


शुक्रवार, २४ जानेवारी

ठमे,

मागचं पत्र पोचलं असेल. फाडलं नसलंस तर फाड. त्यात मी खोटं लिहिलंय.

रविवारी मी पाय मोकळे करायला गेले नव्हते. कॅन्टीनची किल्ली माझ्याकडे असते. कुलूप उघडून आत गेले, दिवाही लावला नाही, खिडकीतून ऊन येत होतं तेवढं पुरलं. फ्रीजरमध्ये वर्षअखेरीच्या केकचे दोन मोठे डबे राहिले होते, मला माहीत होतं. बर्फासारखा घट्ट झालेला केक मी मोठ्या सुरीने कापला आणि ओट्याशी उभं राहून खाल्ला. एक डबा पुरा. दात दुखायला लागले तरी खात होते. मग तेल तापवलं आणि बटाटे तळले. भूक म्हणून नाही. सातव्या-आठव्या दिवसानंतर मला फारशी भूक लागतच नव्हती.

मी मुद्दाम खाल्लं. सत्तावीसला मशीनमध्ये चरबी दिसावी म्हणून खाल्लं. म्हणजे डॉक्टर सांगतील, बाई, नाही जमत. आणि मी तुझ्या नवऱ्याला तोंड पाडून सांगेन, बघ ना, एवढं केलं पण आकडा आलाच नाही खाली. "तू नाही म्हणालीस" असं कोणी मला म्हणणार नाही. मला भीती वाटते ठमे. पोट इथून तिथपर्यंत कापणार. शंभरातला एखादा देणाराही दगावतो असं तिथे एकजण सांगत होता, खरं-खोटं देव जाणे. आणि मी दगावले तर मला रडायला कोण आहे? टकले साहेब?

घरी आले, वही उघडली. सवयीने लिहायला घेतलं, आज थोडं जास्त... आणि हात थांबला. किती तरी वेळ बसून होते. मग लिहिलं. मी केक खाल्ला. मी बटाटे तळून खाल्ले. मी मुद्दाम खाल्ले.

सोमवारी डाएटवालीला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं फाडून खाईल. तर ती म्हणाली, "काकू, हे वाचून दाखवलंत ना? मग अजून सात दिवस आहेत." एवढंच. फोन ठेवल्यावर मी रडले. अशी रडले की वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली.

आता दुसरं सांगते. ते सांगितलं नाही तर हे सांगून काही उपयोग नाही.

आई नऊ दिवस आजारी होती. एकदम काही झालं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. खड्डे होते, तुझं पोट होतं, सगळं खरं, पण तुझा नवरा गाडी हळू चालवून तुला घेऊन आला असता. फोन माझ्या उशाशी होता.

नऊ दिवस मी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, चमच्याने पाणी पाजलं, कपडे बदलले. आणि ती डोळे उघडले की एकच विचारायची, "ठमी आली का?" मी म्हणायचे, येतेय, वाटेत आहे. परत डोळे उघडले की, ठमी आली का? तिची दाढ दुखली, खांदा दुखला, सगळ्याला मी, आणि नाव तुझं. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, तिने माझं नाव घ्यावं. तू आली असतीस तर ते कधीच झालं नसतं. म्हणून मी थांबले. आज नको, उद्या करू फोन. रोज उद्या.

तिने माझं नाव घेतलं नाही. शेवटच्या दिवशीही तिने तुलाच विचारलं आणि मी सांगितलं की तू जिन्यात आहेस.

कळवायचं राहून गेलं नव्हतं. मी कळवलं नाही.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू? फक्त तू अकरा वर्षं जे मनात धरलंस ते खरं होतं, हे तुला कळायला हवं. तुला वेड्यात काढलं मी. तुलाच वाटलं असेल, मीच उगाच ताणतेय का.

सोमवारपासून परत कोबी आणि भोपळा. चालायला जाते, रोज पाऊण तास. जीव मेटाकुटीला आलाय, पण खाल्लेलं नाही काही.

ताई


बुधवार, २९ जानेवारी

ठमे,

सोमवारी मशीन झालं. काल निकालाला बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीलाच आत घेतलं, तुझ्या नवऱ्याला बाहेर बसवलं.

आकडा नऊ आहे.

मी हसायला लागले आणि डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "आता मी विचारतो ते प्रत्येक देणाऱ्याला विचारतो. तुम्हाला द्यायचं आहे का? नको असेल तर आत्ता सांगा. आम्ही बाहेर एवढंच सांगू की तपासणीत बसलं नाही. कारण कोणालाच कळणार नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. तुमच्यावर बोट यायचं नाही."

ठमे, मी किती दमले आहे ते तुला ठाऊक नाही. त्यांची ती खोली गार होती, खुर्ची मऊ होती. आणि समोरचा माणूस माझ्या हातात तेच ठेवत होता जे मी जन्मभर करत आले. बसलं नाही. जमलं नाही. राहून गेलं. यात मी कुठेच नाही. किती सोपं होतं! खोटं वाटेल, पण मी लगेच उत्तर दिलं नाही. पाणी मागितलं. ते प्यायले. भिंतीवर लिव्हरचं चित्र होतं, ते बघत बसले.

मग म्हणाले, "मी देते."

त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. कागदावर सही केली. पहिली मी भलत्याच ओळीवर केली, म्हणून त्यांनी दुसरा कागद दिला आणि त्यावर पुन्हा केली. बाहेर आले तर तुझा नवरा उभाच होता. मी त्याला काही बोलायच्या आत त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. कशाला घेतली कोण जाणे, त्यात फक्त वही आणि काकड्या होत्या.

डॉक्टर म्हणतात, पेशंट तयार असेल तर पुढच्या गुरुवारी. बाकी सगळं तयार आहे. अडलंय ते तुझ्या सहीवर.

आता माझं ऐक. तुला मी नको असेन तर ते मला समजतं. पण माझा राग लिव्हरवर काढू नकोस, त्याने आईला फसवलेलं नाही. आणि नाहीच म्हणायचं असलं तर तू म्हण. नवऱ्याच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून नको. तुझ्या हाताने दोन ओळी लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील. मी त्या ठेवून घेईन आणि परत त्रास देणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्या नवऱ्याच्या हातात देते. मी इथेच आहे, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या लॉजमध्ये. कॅन्टीन मावशींवर सोडलंय. सूप पुन्हा खारट होणार.

मला फार भीती वाटते. हेही तुला माहीत असू दे.

तुझी
ताई


शुक्रवार, ३१ जानेवारी

ताई,

फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडक्यात.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिलं फाडलं होतं, ते यांनी पट्टी लावून चिकटवलं.

आईचं वाचल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. ती मला विचारत होती हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, शेवटी तिला माझी आठवणही झाली नसेल. ते मी विसरणार नाही. तुला माफ करावं असं इथे सगळ्यांना वाटतंय, नर्ससकट. मला जमत नाहीये. पुढे जमेल का माहीत नाही.

तुझं लिव्हर मी घेतेय. मला जगायचंय. सही सकाळी केली.

आता माझं ऐक. माझ्या मुलीला मावशी आहे हे मी तिला सांगितलं नाही. ती विचारायची, आई, तुला बहीण नाही का गं, आणि मी नाही म्हणायचे. लहान होती तेव्हा, शाळेत जायला लागली तेव्हा, परवापर्यंत. दर वेळी नाही. तू मला एकदा फसवलंस, मी तिला वर्षानुवर्षं.

काल सांगितलं. चिडली, डबा तसाच परत नेला. संध्याकाळी आली ती पलंगाच्या कडेवर बसली आणि विचारलं, मावशी दिसते कशी? मी म्हटलं, माझ्यासारखीच, पण जाड. हे तिला म्हणाले, आता तेवढी जाड राहिली नाही.

रविवारी चार वाजता ये. ती खाली मोठ्या दारापाशी थांबणार आहे. हे बरोबर येतो म्हणाले तर तिने नको म्हणून सांगितलं. म्हणते, कोणी दाखवायची नाही, मी ओळखेन.